पेटी कितीला पडली, आणि बुडाली तर कोणाची?

मे महिन्यातली रात्र. शेजारच्या काकांच्या खळ्यात आंबा भरायचं काम चाललं होतं. एका बाजूला पेंढ्याचा ढीग, दुसऱ्या बाजूला रिकामे खोके, मधोमध बल्बच्या उजेडात काकी आणि दोन बायका फळ हातात तोलून लहानमोठं वेगळं करत बसलेल्या. ओटीवर काकांचा मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाचं गाईड घेऊन डोलत डोलत घोकत होता. तेवढ्यात वाशीहून दलालाचा फोन आला. काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दर नऊशेवर इलो हा. पेटी माका बाराशाक पडता. आता पाठवू की झाडारच ठेवू? ह्या पोरग्याक इचारलंय, तर तेका सांगूक जमणा नाय."

मुलगा गप्प झाला. त्याच्या मांडीवर जे पान उघडं होतं, त्याच पानावर वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पुस्तकात ते साबणाच्या कारखान्याच्या नावाने छापलेलं होतं, म्हणून त्याला ते ओळखता आलं नाही, एवढंच.

मी गेली बरीच वर्षं तालुक्याच्या गावी बीकॉमच्या मुलांच्या शिकवण्या घेते. कॉस्टिंग आणि कंपनी कायदा हे दोन विषय मुलांना सगळ्यात परके वाटतात. एकात आकडे, दुसऱ्यात कलमं, आणि दोन्ही "मुंबईच्या मोठ्या कंपन्यांसाठी" आहेत अशी समजूत. मला ही समजूत मनापासून खटकते. म्हणून हे विषय आपल्या खळ्यातून, आपल्या काजूच्या कारखान्यातून आणि आपल्या रेल्वेवरून समजावून सांगते.

दोन पेपर, दोन प्रश्न

लग्नघरात कार्य उरकलं की घरातला मोठा माणूस दोन गोष्टी विचारतो. एकूण किती खर्च झाला, आणि पान कितीला पडलं? पहिल्याचं उत्तर साध्या हिशेबवहीत मिळतं. वर्षभराचं जमाखर्चाचं पुस्तक तेवढंच सांगतं: इतके आले, इतके गेले, इतके उरले. दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळी मांडणी लागते. मांडव सगळ्यांसाठी एकच, आचारी एकच, पण वाढपातले लाडू पंगतीगणिक वेगळे. मग एका पानाच्या वाट्याला मांडवाचे किती आणि लाडवाचे किती? ही वाटणी करायच्या शास्त्राला परिव्यय लेखांकन म्हणतात. वर्गात सगळे कॉस्टिंगच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

कंपनी कायद्याचा प्रश्न याच्या पुढचा आहे. हा धंदा कोणाच्या नावावर आहे, करारावर सही कोणाची चालते, आणि उद्या पैसे बुडाले तर सावकार कोणाच्या दारात येणार?

पेटी कितीला पडते?

काकांचा हिशेब सोप्या आकड्यांत मांडू. आकडे मी समजण्यापुरते गोल केलेत. बागेला खत, फवारणी, साफसफाई, राखणदाराचा पगार, पंपाची झीज मिळून हंगामाचे 3,20,000 रुपये जातात. मोहोर चांगला येवो की थ्रिप्सच्या किडीने जळून जावो, हे पैसे जाणारच. हा स्थिर खर्च. मग प्रत्येक पेटीमागे तोडणी, खोका, पेंढा, गाडीभाडं आणि हमाली मिळून 400 रुपये. पेटी भरली तरच हा खर्च होतो, म्हणून हा बदलता खर्च. दलालाची आडत किमतीच्या टक्क्यात असते, ती वजा करूनच मी इथे दर धरते.

बागेत 400 पेट्या झाल्या, तर स्थिर खर्चातले 800 रुपये एका पेटीच्या वाट्याला येतात. वर 400. पेटी पडली 1,200 ला. पुढच्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि 200 च पेट्या हाती लागल्या, तर वाट्याला 1,600 येतात. वर 400. तीच बाग, तोच माणूस, तीच मेहनत, आणि पेटी पडली 2,000 ला.

ही गोष्ट मुलांच्या डोक्यात एकदा पक्की बसली की अर्धं पुस्तक आपोआप सुटतं. "पेटी इतक्याला पडते" असं पीक हातात येण्याआधी कोणालाच सांगता येत नाही. पीक घटलं की उरलेल्या प्रत्येक पेटीच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. हंगामाचा सरासरी दर 2,000 मिळाला, तर एका पेटीमागे 400 वजा जाऊन 1,600 हाती राहतात, आणि 3,20,000 भरून काढायला बरोबर 200 पेट्या लागतात. 201 वी पेटी पहिला नफा देते. पुस्तकात याला ना नफा ना तोटा बिंदू म्हणतात, आणि त्याचा आलेख काढून घेतात. आलेख काढायला हरकत नाही, पण आपल्या बागेचा आकडा माहीत असणं जास्त महत्त्वाचं.

"बाराशेची पेटी नऊशेला कशी द्यायची?"

हा काकांचा खरा प्रश्न. वरवर पाहता पेटीमागे 300 चा तोटा आहे, मग आंबा झाडावरच राहिलेला बरा असं वाटतं.

पण त्या रात्रीपर्यंत 3,20,000 खर्च होऊन गेले होते. फवारणी झाली, राखणदार जेवून गेला. आता आंबा पाठवला नाही म्हणून त्यातला एक रुपयाही परत येणार नाही. अशा खर्चाला बुडीत खर्च म्हणतात, आणि पुढचा निर्णय घेताना तो डोळ्यांसमोरून बाजूला ठेवायचा असतो. आता एवढंच बघायचं: ही पेटी पाठवली तर नव्याने किती जातील, आणि किती येतील? जातील 400, येतील 900. पाचशे रुपये हातात पडतात, आणि तेवढाच मागचा खड्डा भरतो. न पाठवता शून्य.

याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात, मराठी पुस्तकात अंशदान. दर चारशेच्या खाली गेला तरच पेटी भरू नये.

पण थांबा, कोकणातल्या बागायतदाराकडे तिसरी वाट असते: कॅनिंग, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला किलोवर आंबा देणं. पाच डझनांच्या पेटीत साधारण 15 किलो आंबा बसतो असं धरा. कॅनिंगचा दर किलोला 30 असेल तर 450 मिळतात, आणि खोका, पेंढा, लांबचं गाडीभाडं नसल्यामुळे खर्च जेमतेम 100. हातात 350. वाशीला हातात 500 येतात. म्हणजे नऊशेच्या दराला वाशी बरी. दर 750 वर आला की दोन्हीकडे सारखेच 350, आणि त्याखाली गेला की कॅनिंगची गाडी बोलवावी. एक वाट धरली की दुसऱ्या वाटेचे जे पैसे सुटतात, त्याला संधी खर्च म्हणतात. तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. तो फक्त विचारात असतो.

मी हे खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनाने मांडून दाखवलं. काकांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला, 750 च्या आकड्याखाली रेघ मारली आणि खिशात घातला. त्यांचा मुलगाही वाकून बघत होता.

घरच्यांची मजुरी कुठे लिहायची?

इथे जाणता वाचक मला अडवेल. बाई, त्या 3,20,000 मध्ये काकांची आणि काकींची मजुरी कुठे आहे? रात्री दोन वाजेपर्यंत काकी आंबा निवडत बसल्या, त्याचे किती धरले?

काही धरले नाहीत. आणि आमच्याकडच्या बहुतेक बागांचा नफा इथेच फसवा असतो. घरच्या माणसाचे श्रम, स्वतःच्या जमिनीचं भाडं, घरातून घातलेल्या भांडवलाचं व्याज यांसाठी खिशातून नोट जात नाही, म्हणून ते हिशेबात येत नाहीत. कॉस्टिंगमध्ये याला गृहीत खर्च म्हणतात. काकींनी हेच काम दुसऱ्याच्या खळ्यात केलं असतं तर जी मजुरी मिळाली असती, ती इथे धरायची. वर दाखवलेल्या एका रात्रीच्या निर्णयात तिने फरक पडत नाही, पण बाग परवडते की नाही हे ठरवताना तिच्याशिवाय हिशेब अपुरा आहे.

हा वाद फक्त पुस्तकातला नाही. हमीभावाची बातमी टीव्हीवर लागते तेव्हा ए-2, एफएल, सी-2 असे शब्द ऐकू येतात आणि बहुतेक लोक चॅनेल बदलतात. कृषी खर्च आणि मूल्य आयोग भातासारख्या पिकाचा खर्च काढताना हेच थर मांडतो. ए-2 म्हणजे शेतकऱ्याने खरोखर खर्च केलेले पैसे. त्यात घरच्यांच्या मजुरीची किंमत मिळवली की ए-2 अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याजही मिळवलं की सी-2. "दीडपट भाव" म्हणताना दीडपट नेमकी कशाची, यावरून सगळं भांडण आहे. देशभर मोर्चे निघतात तो प्रश्न बीकॉमच्या कॉस्टिंगमधल्या एका व्याख्येचा आहे, हे मुलांना सांगितलं की ती ताठ बसतात.

एका बियेचे तीन भाव

वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग भागात काजूचे लहान कारखाने गल्लोगल्ली दिसतात. प्रोसेस कॉस्टिंग शिकवायला याहून चांगली जागा नाही. बी सुकते, वाफवली जाते, फोडली जाते, गर भट्टीत तापवून त्याची साल काढली जाते, आणि मग प्रतवारी. प्रत्येक टप्प्याला माल पुढे सरकतो आणि त्याच्या अंगावर आधीच्या टप्प्याचा खर्च चढत जातो.

मानूया, 100 किलो बी 15,000 ला घेतली. बॉयलर, फोडणी, सोलणी, प्रतवारीला 3,000 गेले. टरफलं तेलाच्या गिरणीला विकून 500 आले, कारण टरफलातल्या तेलाला रंग आणि रसायनांच्या उद्योगात मागणी आहे. हे पैसे खर्चातून वजा करायचे, कारण कारखाना काही टरफलांसाठी काढलेला नाही. उरले 17,500. गर मिळाला 25 किलो. म्हणजे किलोला 700.

इथवर सगळी मुलं येतात. आता गंमत पुढे आहे. गर एकसारखा नसतो. 15 किलो अख्खा निघाला, जो 900 ला जातो. 6 किलो पाकळी, 750 ला. 4 किलो तुकडा, 500 ला. सगळ्यांवर 700 च चढवले, तर तुकडा विकताना किलोमागे 200 चा तोटा दिसतो. मालक म्हणेल, तुकडा करणंच बंद करू. पण तुकडा कोणी मुद्दाम करत नाही, तो अख्ख्याबरोबर येतोच. एकाच आंब्यातून रस आणि बाठा वेगळे मागवता येत नाहीत, तसं.

म्हणून अशा जोडउत्पादनांवर खर्च वाटताना विक्रीच्या किमतीचं प्रमाण धरतात. सगळा माल विकून 20,000 येतात, खर्च 17,500, म्हणजे रुपयाला साडेसत्त्याऐंशी पैसे. मग अख्खा पडतो 787.50 ला, पाकळी 656.25 ला आणि तुकडा 437.50 ला. आता कोणीच तोट्यात नाही. खर्च एक पैशानेही बदललेला नाही, वाटणी तेवढी शहाणी झाली.

अजून एक बारकावा. बी सुकताना वजन घटतं, हे ठरलेलं आहे. ही सर्वसाधारण घट, तिचा भार चांगल्या मालानेच उचलायचा. पण कोणी बॉयलरकडे लक्ष दिलं नाही आणि एक घाणा काळा पडला, तर ती असाधारण घट. ती मालाच्या किमतीत लपवायची नाही, वेगळी काढून सरळ तोट्यात दाखवायची. परीक्षेत हा फरक पाच मार्कांचा असतो. कारखान्यात तो मालकाला खरी चूक दाखवणारा असतो.

आणि फोडणीला बसणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत कधी? टरफलातला चीक कातडी भाजतो. हाताला तेल नाहीतर राख लावून त्या बसतात, तरी बोटांची टोकं काळीच राहतात. मजुरी बहुतेक किलोवर. चांगल्या हातमोज्यांचा खर्च वरखर्चात, म्हणजे ज्याला ओव्हरहेड म्हणतात त्यात जातो, आणि काटकसर करायची म्हटली की कात्री पहिली तिथे लागते. किलोमागे तो खर्च किती कमी येतो, हे कॉस्टिंग शिकलेल्या मुलाने मालकाला एकदा कागदावर दाखवावं असं मला फार वाटतं.

कंपनी म्हणजे नेमकं कोण?

आता दुसरा पेपर. कंपनी ही कायद्याने तयार केलेली व्यक्ती आहे, असं पहिल्याच धड्यात लिहिलेलं असतं. मुलांना हे हवेतलं वाटतं. हाडामांसाचा माणूस नाही, मग व्यक्ती कसली?

कोकणातल्या मुलांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या गावच्या देवाच्या नावावर जमीन असते. रवळनाथाची शेतं, सातेरीचा माड. मानकरी, पुजारी, गावकर पूजा करतात, उत्पन्न सांभाळतात, जत्रेचा खर्च बघतात. पण देवाच्या शेतातला नारळ मानकऱ्याच्या मालकीचा नसतो, आणि मानकरी कर्जात बुडाला म्हणून सावकार देवाची जमीन नेऊ शकत नाही. हिंदू देवतेला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती मानतात, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, 1925 च्या एका निकालात स्पष्ट म्हटलं आहे. पिढ्या बदलल्या, मानकरी बदलले, जमीन देवाचीच राहिली.

कंपनी जवळपास तशीच. तिच्या नावावर मालमत्ता, तिच्या नावाने करार, तिच्या नावाने दावा. संचालक म्हणजे मानकरी. फरक असा की देवाचे शेअर नसतात, कंपनीचे असतात, आणि ते बदलत्या हातांत जातात. पण शेअर घेतला म्हणजे कंपनीच्या खुर्चीचा एक पाय तुमचा झाला, असं होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच 1954 मध्ये बाचा गझदर खटल्यात हे सांगितलं. चहाच्या मळ्याच्या कंपनीत शेअर असलेल्या बाईंचं म्हणणं होतं की आपल्याला मिळणारा लाभांश शेतीचं उत्पन्न आहे. न्यायालय म्हणालं, मळा कंपनीचा, तुम्हाला मिळतो तो लाभांश. शेती कंपनी करते, तुम्ही नाही.

सध्याचा कायदा 2013 चा आहे, त्याने 1956 चा जुना कायदा मागे टाकला. एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. खासगी कंपनीला किमान दोन आणि जास्तीत जास्त 200 सभासद चालतात, सार्वजनिक, म्हणजे पब्लिक लिमिटेड, कंपनीला किमान सात. किमान भांडवलाची अट 2015 मध्ये निघाली. बाकी फॉर्म आणि मुदती पाठ कराव्या लागतात, त्यावर वेळ घालवत नाही.

बुडाली तर घरावर जप्ती येते का?

दोन भाऊ मिळून भागीदारीत बोट घेतात. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याचं कर्ज फिटलं नाही तर धनको, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, भावांच्या घरादारापर्यंत पोचू शकतो. बर्फवाला, डिझेलवाला, सगळेच. कंपनी असेल तर सभासदाने घेतलेल्या शेअरचे जेवढे पैसे द्यायचे बाकी असतील, तेवढीच त्याची जबाबदारी. यालाच मर्यादित जबाबदारी म्हणतात, आणि कंपनीच्या नावाशेवटचा "लिमिटेड" हा शब्द त्याचाच.

हे तत्त्व पक्कं झालं ते लंडनमधल्या एका चामड्याच्या बुटांच्या व्यापाऱ्यामुळे. अ‍ॅरन सॉलोमन याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे, बाकी सहा त्याची बायको, मुलगी आणि चार मुलगे यांचे एकेक. विक्रीच्या किमतीपोटी त्याने कंपनीकडून 10,000 पौंडांचे कर्जरोखेही घेतले. म्हणजे तो एकाच वेळी कंपनीचा मालकही झाला आणि सावकारही. कंपनी लवकरच बुडाली. बाकीचे धनको म्हणाले, ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्याच्याकडून वसूल करा. 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, निकाल दिला: कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा, आणि तारण असलेल्या कर्जरोख्यांचे पैसे त्यालाच आधी मिळणार.

"म्हणजे बुडवून मोकळं व्हायची सोयच झाली!"

हा आक्षेप दरवर्षी वर्गात येतो, आणि यायलाच हवा. उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग कायद्याचा. कंपनीच्या वेगळेपणाचा पडदा फसवणुकीसाठी वापरला असेल तर न्यायालय तो बाजूला सारतं. 1927 मध्ये मुंबईत सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या प्रकरणात हेच झालं. आयकर कमी भरावा लागावा म्हणून त्यांनी चार खासगी कंपन्या काढून आपलं लाभांश-व्याजाचं उत्पन्न त्यांत वाटलं आणि तेच पैसे कर्ज म्हणून परत घेतले. न्यायालयाने ओळखलं की कंपनी म्हणजे तेच गृहस्थ, दुसरं कोणी नाही. आताच्या कायद्यात कलम 447 खाली मोठ्या फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा भाग व्यवहाराचा आहे, आणि तो गाईडमध्ये नसतो. छोटी कंपनी बँकेत कर्ज मागायला गेली की बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या एका सहीने मर्यादित जबाबदारीची भिंत तुम्ही स्वतःच्या हाताने पाडता. मग कर्ज थकलं की बँक तुमच्या घराकडे वळू शकते. कंपनी काढली म्हणजे घर सुरक्षित, असं समजून सही करणारी माणसं मी पाहिली आहेत. ती सही कशाची होती, हे त्यांना नोटीस आल्यावर कळलं.

कोकण रेल्वे कोणाची?

2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली, तेव्हा आमच्या बाजारात एकच चर्चा: "सरकारचीच गाडी सरकारात मिळवायची म्हणजे काय?"

कारण कोकण रेल्वे ही कंपनी आहे. 19 जुलै 1990 ला तिची कंपनी म्हणून नोंदणी झाली. भांडवल उभारताना रेल्वे मंत्रालयाचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकचे 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. भागभांडवल पुरणार नव्हतं म्हणून बाजारात रोखे विकून कर्ज उभारलं. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. आता देवाचं उदाहरण आठवा. रूळ, बोगदे, पूल भारतीय रेल्वेचे नव्हते आणि महाराष्ट्र सरकारचेही नव्हते. ते कंपनीचे. सरकारं भागधारक. म्हणूनच भागधारक असलेल्या प्रत्येक राज्याला विचारावं लागलं. रोखे घेणारे तर मालकही नव्हते, ते सावकार. त्यांना ठरलेलं व्याज मिळणार, गाडी नफ्यात असो वा तोट्यात. शेअर आणि कर्जरोखे यांतला फरक मी आता याच उदाहरणाने शिकवते.

गुहागरला दोन्ही पेपर एकत्र येतात

आमच्या पिढीने दाभोळचा वीजप्रकल्प बातम्यांत पाहिला. अंजनवेलचा तो प्रकल्प दाभोळ पॉवर कंपनीचा होता. अमेरिकेची एन्रॉन कंपनी तिची मोठी भागधारक, जोडीला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, पुढे राज्य वीज मंडळही. 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला.

मंडळाने वीज घ्यायचा जो करार केला, त्यात दराचे दोन भाग होते. एक, प्रकल्प उभा आहे म्हणून द्यायचा स्थिर आकार, वीज घ्या किंवा घेऊ नका. दुसरा, जेवढी वीज तेवढ्या इंधनाचा. हे काकांच्या बागेसारखंच आहे. मंडळाला वीज महाग वाटली, म्हणून कमी घेतली. कमी घेतली म्हणून तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडला, आणि युनिट आणखी महाग झालं. त्यात इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलातून निघणारं, आणि देणी डॉलरच्या भावाला बांधलेली. 2001 च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. लोकांना वाटलं, संपलं सगळं. पण दाभोळची कंपनी वेगळी व्यक्ती होती. तिची मालमत्ता, तिचे धनको, तिचे करार वेगळे. म्हणून पुढची वर्षं भारतीय बँकांच्या थकलेल्या कर्जाचं काय, यावर गेली, आणि 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघून प्रकल्प तिच्याकडे आला. एका उदाहरणात स्थिर खर्चही आहे आणि सॉलोमनही.

कायद्यातही हे दोन विषय एकमेकांना भेटतात. साखर, औषधं, वीज अशा ठरलेल्या उद्योगांतल्या, 35 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 2013 च्या कायद्याच्या कलम 148 खाली उत्पादनखर्चाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि उलाढाल आणखी मोठी असेल तर त्यांची तपासणीही होते. ती तपासणी 1959 च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे कॉस्ट अकाउंटंट करतात.

"टॅली सगळं करतं, मग शिकायचं कशाला?"

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ते बेरीज करतं. राखणदाराचा पगार स्थिर धरायचा की बदलता, तुकड्यावर किती खर्च चढवायचा, काकींची मजुरी धरायची की नाही, हे त्याला आधी माणसाने सांगावं लागतं. चुकीचं सांगितलं तर ते चूक उत्तर दोन दशांशापर्यंत बरोबर देतं.

दहा सह्यांची कंपनी

आता सगळ्यात जवळचा विषय. गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघताहेत. केंद्राने 2020 मध्ये अशा दहा हजार संस्था उभारायची योजना आणली, तेव्हापासून वेग वाढला. ही कंपनी थोडी वेगळी आहे. किमान दहा उत्पादक लागतात, संचालक पाच ते पंधरा, आणि शेअर कितीही असोत, वैयक्तिक सभासदांना एकाला एकच मत. तिचे शेअर बाजारात विकता येत नाहीत. म्हणजे रूप कंपनीचं, आत्मा सहकाराचा.

पैसे वाटायची पद्धत नीट समजून घ्या. माल दिला की सगळी किंमत लगेच मिळेलच असं नाही, काही भाग राखून ठेवता येतो. भांडवलावरचा परतावा मर्यादित. वर्षाअखेरीस जे उरेल त्यातून बोनस मिळतो तो शेअर पाहून नाही, तर तुम्ही वर्षभरात कंपनीला किती आंबा, किती काजू दिला ते पाहून. आणि किती उरलं, हे कॉस्टिंग नीट केलं तरच कळणार. प्रतवारीचा खर्च, शीतगृहाचं भाडं, खराब झालेला माल कोणाच्या माथी मारला, यावर दहा घरांचा बोनस ठरतो. सभासदाने सभेत हे विचारायलाच हवं.

परवा काकांकडेही असे कागद आले. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी हाक मारली. मुलगा या वेळी शेजारी बसला होता, गाईड नव्हतं. काका म्हणाले, "उद्या ही कंपनी बुडाली तर माझी बाग जातली काय?"

मी काही बोलायच्या आत मुलाने सांगितलं, "नाय बाबानु. शेअरचे पैशे भरले की आपली जबाबदारी तेवढीच. पण बँकेच्या कागदार हमीदार म्हणान सही केली, तर गोष्ट वेगळी."

काकांनी चष्मा लावला आणि बल्बखाली कागदांचा गठ्ठा ओढून "हमीदार" हा शब्द कुठे आहे का, हे एकेक पान उलटत शोधायला सुरुवात केली.